तांदळाएवढ्या पेसमेकरसाठी बाळाचं ऑपरेशन लांबवायचं का?

वाचकाचं पत्र

डॉक्टर, नमस्कार. माझा मुलगा पाच महिन्यांचा आहे. हृदयाच्या खालच्या दोन कप्प्यांमधल्या पडद्याला मोठं छिद्र आहे. दूध ओढताना दमतो, कपाळावर घाम येतो, वजन अजून 4 किलो 800 ग्रॅमच आहे. पुण्याच्या डॉक्टरांनी पुढच्या महिन्यातली तारीख दिली आहे. ते म्हणाले, ऑपरेशननंतर काही दिवस हृदयाला बारीक तारा लावलेल्या असतील, त्या छातीतून बाहेर काढून एका मशिनला जोडतात आणि नंतर ओढून काढतात. माझे दीर बॉस्टनला असतात. त्यांनी बातमी पाठवली की अमेरिकेत तांदळाच्या दाण्याहून लहान पेसमेकर तयार झालाय, त्याला तारा नाहीत आणि काम झालं की तो शरीरातच विरघळून जातो. त्याच बातमीत नील आर्मस्ट्राँग अशा तारा काढल्यावर गेले असं वाचलं आणि तेव्हापासून माझी झोप उडाली आहे. सासूबाई म्हणतात, वर्षभर थांबू, तोवर ते मशिन आपल्याकडे येईल. मिस्टर म्हणतात, डॉक्टर सांगतील तसं करू. खरंच थांबावं का? अमेरिकेला नेता येईल का? आणि धातू बाळाच्या अंगात विरघळला तर विषबाधा नाही का होणार?

– एक आई, बार्शी

ताई,

आधी तुमच्या मुख्य प्रश्नाचं उत्तर देते. थांबू नका. पुण्याच्या डॉक्टरांनी दिलेली तारीख पाळा.

मी बाळाला तपासलेलं नाही, रिपोर्टही पाहिलेले नाहीत. पण दूध पिताना घाम येणं, दमणं आणि पाचव्या महिन्यात वजन पाच किलोच्या आत असणं, ही मोठ्या छिद्राची ठरलेली लक्षणं आहेत. डावीकडचं जास्त दाबाचं रक्त छिद्रातून उजवीकडे जातं आणि तिथून फुप्फुसात लोटलं जातं. फुप्फुसातल्या बारीक रक्तवाहिन्या इतका दाब सोसण्यासाठी नसतात. त्या हळूहळू जाड आणि कडक होत जातात. सुरुवातीला छिद्र बंद केलं की त्या पूर्ववत होतात. दाब फार काळ राहिला, तर मात्र अशी वेळ येते की छिद्र बंद करणंच धोक्याचं ठरतं. म्हणून मोठी छिद्रं बहुतेक वेळा पहिल्या वर्षाच्या आतच बंद करतात. सासूबाई काळजीपोटी बोलताहेत, त्यांना मी दोष देणार नाही. पण त्यांना हे नीट समजावून सांगा, की या आजारात वाट बघण्याची किंमत बाळाची फुप्फुसं मोजतात.

दिरांनी पाठवलेली बातमी खरी आहे. शिकागोजवळच्या नॉर्थवेस्टर्न विद्यापीठात जॉन रॉजर्स आणि इगोर एफिमोव्ह यांच्या गटाने हा पेसमेकर बनवला आणि एप्रिल 2025 मध्ये ‘नेचर’ या नियतकालिकात त्याची माहिती आली. पण त्यांनी मांडलेले प्रयोग उंदरांवर, डुकरांवर, कुत्र्यांवर आणि अवयवदान केलेल्या मृत माणसांच्या हृदयांवर झालेले आहेत. बाळांवरच्या नेहमीच्या उपचारात तो आलेला नाही, त्यामुळे अमेरिकेला नेलंत तरी तिथेही बाळाला ताराच लावतील. विमानाचा आणि तिथल्या हॉस्पिटलचा खर्च डोक्यातून काढून टाका.

आता तारांबद्दल. तुमची झोप उडाली ती याच भीतीने, आणि डॉक्टरांनी घाईत सांगितल्यामुळे त्या नेमक्या कशासाठी हे बहुधा नीट कळलं नसेल.

वरच्या कप्प्यांकडून खालच्या कप्प्यांकडे ठोक्याचा संदेश नेणारी एक नाजूक वाट हृदयात असते. बऱ्याच बाळांमध्ये ती छिद्राच्या अगदी कडेने जाते. छिद्र बंद करायला लावतात त्या ठिगळाला, म्हणजे पॅचला, टाके घालताना त्या जागेला सूज येऊ शकते आणि काही तास किंवा काही दिवस संदेश अडकू शकतो. तेव्हा ठोके फार मंदावतात. अशा वेळी बाहेरून ठोका देता यावा म्हणून ऑपरेशन संपताना सर्जन हृदयाच्या पृष्ठभागावर पोलादाच्या, वरून आवरण असलेल्या केसासारख्या बारीक तारा अलगद अडकवतात आणि त्यांची टोकं छातीच्या हाडाखालून त्वचेबाहेर काढतात. ती टोकं हातात मावेल एवढ्या डब्याला जोडली जातात. बहुतेक बाळांना हा डबा चालू करण्याची वेळही येत नाही. तारा असतात त्या केवळ खबरदारीसाठी.

या साध्या तारेचा एक गुण नव्या बातम्यांच्या झगमगाटात कुणी सांगत नाही. ती बाहेरून तपासता येते. आयसीयूतली सिस्टर डब्यावरचा करंट हळूहळू कमी करत नेते आणि कितीपर्यंत हृदय प्रतिसाद देतं ते मॉनिटरवर बघून चार्टवर लिहिते. आकडा वाढायला लागला की तार सैल होतेय हे लगेच कळतं. डब्याची बॅटरी बदलता येते, जोडणी बदलता येते, डबाच बदलता येतो. चार-साडेचार किलोच्या बाळाचं हृदय ज्या रात्री दुसऱ्याच्या ठोक्यावर चाललेलं असतं, त्या रात्री ‘हाताने तपासता येणं’ याचं मोल फार मोठं असतं.

तारा काढताना काय होतं, तेही सांगते. लय चांगली आहे याची खात्री झाली, रक्त गोठण्याचे रिपोर्ट पाहिले, की डॉक्टर टोक धरून सावकाश, एकसारख्या ओढीने तार काढतात. तार अडकली तर जोर लावत नाहीत. त्वचेलगत कापून आतलं टोक तसंच राहू देतात. त्यानंतर काही तास बाळावर बारीक लक्ष ठेवतात, कारण क्वचित तार निघालेल्या जागेतून रक्त झिरपून हृदयाभोवतीच्या पिशवीत साचू शकतं. आर्मस्ट्राँग यांच्या बाबतीत हेच झालं. ऑगस्ट 2012 मध्ये, वयाच्या 82 व्या वर्षी त्यांची बायपास झाली होती. तारा काढल्यावर रक्तस्राव सुरू झाला आणि 25 ऑगस्टला ते गेले. 2019 मध्ये ही हकिगत वर्तमानपत्रांतून बाहेर आली. त्यावर तज्ज्ञांनी विचारलेला मोठा प्रश्न असा होता, की रक्तस्राव दिसल्यावर त्यांना थेट ऑपरेशन थिएटरमध्ये न नेता आधी कॅथलॅबमध्ये, म्हणजे रक्तवाहिनीतून नळी घालून तपासणी-उपचार करतात त्या खोलीत, का नेलं. म्हणजे यातून तुम्ही घ्यायचं ते एवढंच, की तारा काढल्यानंतरचे काही तास हॉस्पिटल किती सावध असतं हे विचारून घ्यायचं. ते कसं विचारायचं, हे पुढे लिहिलं आहे.

नव्या पेसमेकरकडे वळते. तुम्ही धातूबद्दल विचारलंत, आणि तुमचा प्रश्न अगदी योग्य जागी बोट ठेवणारा आहे.

विरघळणारे टाके तुम्हाला माहीत असतील, बाळंतपणात घातले असतील. त्या जातीचं पॉलिमर शरीरात विरघळतं हे वैद्यकाला फार वर्षांपासून ठाऊक आहे. अडचण विजेची होती. टाक्याच्या दोऱ्यातून वीज जात नाही, आणि ज्यातून चांगली वीज जाते ते तांबं किंवा सोनं शरीरात विरघळून निरुपद्रवी होत नाही. 2012 मध्ये रॉजर्स आणि रेशमावर काम करणारे टफ्ट्स विद्यापीठाचे फिओरेन्झो ओमेनेट्टो यांच्या गटांनी दाखवून दिलं, की सिलिकॉनचा अतिशय पातळ पापुद्रा, मॅग्नेशियमच्या तारा आणि वरून रेशमाचं आवरण असं सर्किट चालतंही आणि नंतर पाण्यात विरूनही जातं. मग 2021 मध्ये त्यातून पहिला विरघळणारा पेसमेकर आला: पाव मिलिमीटर जाड, वजन अर्ध्या ग्रॅमच्या आत. त्याला बॅटरी नव्हती. आपण दुकानात कार्ड नुसतं टेकवून पैसे देतो त्याच तंत्राने त्याला बाहेरून वीज मिळायची. ती पकडायला मॅग्नेशियमचं वेटोळं, त्यावर टंगस्टनचा थर, आणि सगळ्याला टाक्यांसारख्याच विरघळणाऱ्या पॉलिमरचं आवरण. सुटे भाग एकमेकांना जोडायला सोल्डरिंग चालत नाही, कारण सोल्डर विरघळत नाही. म्हणून त्यांनी कँडेलिला या वनस्पतीच्या मेणात टंगस्टनची भुकटी कालवली आणि त्या वीजवाहक लेपाने जोड दिले. मला या साऱ्या संशोधनातली ही सर्वांत देखणी गोष्ट वाटते. प्राण्यांच्या शरीरात पाच आठवड्यांत त्या पेसमेकरचा बराचसा भाग विरला आणि सातव्या आठवड्यापर्यंत तो दिसेनासा झाला.

तुमच्या बातमीतला पेसमेकर त्याच्या पुढचा. 3.5 मिलिमीटर लांब, 1.8 रुंद, 1 जाड. यात वेटोळंही काढून टाकलं आहे. शाळेत लिंबात जस्ताची आणि तांब्याची पट्टी खोचून छोटा दिवा लावतात, तसंच इथे दोन वेगवेगळ्या धातूंची टोकं शरीरातल्या खारट द्रवात बुडतात आणि तीच बॅटरी होते. ही बॅटरी चालू-बंद करतो तो प्रकाश. बाळाच्या छातीवर चिकटवलेली मऊ पट्टी ठोके मोजते, लय चुकली की इन्फ्रारेड प्रकाशाचे झटके सोडते, ते त्वचेतून, स्नायूंतून आत पोचतात आणि दरेक झटक्याला हृदयाला एक ठोका मिळतो. तान्ह्या बाळांसाठी हे फार मोलाचं ठरू शकेल. त्यांच्या छातीत जागा किती कमी असते आणि अंगावर आधीच किती नळ्या असतात, हे तुम्ही आयसीयूत बघालच.

मग विषाचं काय? मॅग्नेशियमचा हिशेब सोपा आहे, कागदावर करता येतो. तो अख्खा दाणा शुद्ध मॅग्नेशियमचा आहे असं धरलं तरी त्याचं वजन 11 मिलिग्रॅम भरेल. सहा महिन्यांच्या आतल्या बाळाला दुधातून रोज साधारण 30 मिलिग्रॅम मॅग्नेशियम लागतं. म्हणजे सगळा दाणा विरघळला तरी बाळाच्या एका दिवसाच्या गरजेच्या निम्माही होत नाही. मॅग्नेशियम पाण्याशी संयोग पावताना हायड्रोजनचे बुडबुडे सुटतात, पण इतक्या थोड्या धातूपासून आठवडेच्या आठवडे सुटणारा वायू शरीर शोषून घेतं. अशा पेसमेकरांत वापरल्या जाणाऱ्या मॉलिब्डेनम आणि टंगस्टन या दुसऱ्या धातूंबाबत मी इतक्या सहज हमी देणार नाही. मॉलिब्डेनम शरीराला लागतं, पण अगदी कणभर. या वयात दिवसाला 2 मायक्रोग्रॅम. टंगस्टनची तर आपल्या शरीराला गरजच नाही. दोन्ही फार सावकाश विरतात, मॉलिब्डेनम लघवीवाटे बाहेर पडतं आणि प्राण्यांमध्ये वाईट परिणाम दिसलेले नाहीत. तरीही ज्याच्या किडन्या अजून पक्व होताहेत आणि नुकतंच मोठं ऑपरेशन झालं आहे, अशा पाच महिन्यांच्या बाळासाठी हा प्रश्न माणसांवरच्या अभ्यासातूनच सुटायला हवा.

आणि खरं सांगायचं तर मला विषापेक्षा दुसऱ्याच गोष्टीची जास्त काळजी वाटते. विरघळणं आता जमलं आहे. अवघड आहे ते ठरलेल्या दिवसापर्यंत न विरघळणं. धातूचा थर इतका पातळ असतो की शरीरातला द्रव त्याला लागला की तो झिजू लागतो. त्याला वाचवतं ते आवरण, आणि ते पॉलिमर पाणी शोषून फुगतं. आवरणाला सुईच्या टोकाएवढी चीर गेली तर पंधरा दिवस चालायचं यंत्र चौथ्या दिवशी कमकुवत होऊ शकतं. तुमच्या बाळाचा ठोका त्याच यंत्रावर असेल तर? तारेचा आकडा सिस्टर चार्टवर लिहू शकते, सैल झालेल्या तारेला पर्याय शोधू शकते. हृदयावर चिकटवून छाती बंद केलेल्या दाण्याचं आवरण तिला दिसत नाही. जंतुसंसर्ग झाला तर तो ओढूनही काढता येत नाही, पुन्हा छाती उघडावी लागते. यावर उपाय निघतील, लोक त्याच कामात आहेत. पण ते बाळांपर्यंत पोचण्याआधी शेकडो वेळा तपासले गेले पाहिजेत.

हे मी उगाच भीतीपोटी म्हणत नाही. हृदयाच्या रक्तवाहिनीत बसवायचा विरघळणारा स्टेंट आठवा. सगळ्यांना पटेल अशी कल्पना होती: रक्तवाहिनी बरी झाली की स्टेंट निघून जाईल, आत परका धातू राहणार नाही. जुलै 2016 मध्ये अमेरिकेने त्याला मान्यता दिली. आपल्याकडे तो त्याआधीपासूनच बसवला जात होता. पुढे दिसून आलं, की नेहमीच्या धातूच्या स्टेंटपेक्षा त्यात रक्ताच्या गाठी जास्त होत होत्या, आणि 2017 मध्ये त्याची विक्री थांबली. ‘आत काही राहत नाही’ हा गुण मोठाच आहे. पण तो एकटा पुरेसा नाही, हे त्या रुग्णांनी सोसून आपल्याला शिकवलं आहे.

अजून एक गोष्ट बातमीत निसटते. विरघळणारा पेसमेकर फक्त तात्पुरत्या अडथळ्यासाठी आहे. सात ते दहा दिवसांतही हृदयातला संदेश पूर्ववत झाला नाही, तर कायमचा पेसमेकर लागतो. इतक्या लहान बाळात त्याची डबी बहुधा पोटाच्या त्वचेखाली बसवतात. छिद्र बंद करण्याच्या ऑपरेशननंतर अशी वेळ शंभरातल्या एखाद-दुसऱ्या बाळावर येते. म्हणजे आज तो दाणा उपलब्ध असता तरी हा धोका तेवढाच राहिला असता.

आता सर्जनना भेटाल तेव्हा बिचकू नका, मिस्टरांना बरोबर घ्या आणि प्रश्न कागदावर लिहून न्या. छिद्र नेमकं कुठे आहे आणि ठोक्याची वाट त्याच्या किती जवळून जाते, हे विचारा; बहुतेक सर्जन चित्र काढून दाखवतात. तारा किती दिवस ठेवतात? मग हेही विचारा: “तारा दिवसा काढता का? त्या वेळी इको मशिन आणि सर्जन जवळ असतात का? काढल्यावर किती तास मॉनिटर लावून ठेवता?” शेवटचे तीन प्रश्न विचारायला अजिबात संकोच करू नका. चांगल्या युनिटमध्ये त्यांची उत्तरं तोंडपाठ असतात, आणि आईने विचारलं म्हणून कुणाला राग येत नाही.

आयसीयूत बाळाला पहिल्यांदा मांडीवर देतील तेव्हा सिस्टरला डबा कुठे टांगलाय ते दाखवायला सांगा आणि तिच्या मदतीनेच उचला. बाळ हातपाय झाडताना बोटं तारेत अडकवतं, म्हणून टोकं नीट गुंडाळून चिकटवलेली आहेत ना, ते बघा. लंगोट बदलताना तिथे ओल जाऊ देऊ नका. तारा काढल्यावर पुढचे काही तास तुम्ही बाळाजवळ असाल तर तुमची नजरही उपयोगी पडते. बाळ एकदम पांढरं पडलं, थंड घाम आला, दूध नाकारलं, श्वास जोरात चालू झाला किंवा विनाकारण किरकिर करून मग गळून गेलं, तर ‘बघू थोडा वेळ’ म्हणू नका. तेव्हाच्या तेव्हा हाक मारा.

ऑपरेशनच्या आधीच्या आठवड्यात सर्दी, खोकला, ताप किंवा जुलाब झाले तर फोन करून कळवा. तारीख चार दिवस पुढे गेली तरी चालेल. ते पुढे ढकलणं डॉक्टरांच्या हिशेबाने होतं, वर्षभर थांबण्यासारखं नसतं. खर्चाबद्दल तुम्ही लिहिलेलं नाही, पण तालुक्याच्या सरकारी दवाखान्यात राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रमाच्या पथकाला नक्की भेटा. जन्मजात हृदयविकाराची ऑपरेशनं त्यात येतात. महात्मा जोतिराव फुले जनआरोग्य योजनेत तुमचं हॉस्पिटल आहे का, हेही हॉस्पिटलच्या आरोग्यमित्राकडे विचारा. तारखेच्या आदल्या दिवशी धावपळ करण्यापेक्षा कागद आताच जमवायला घ्या.

दिरांना माझ्याकडून सांगा, की त्यांनी बातमी पाठवली ते चांगलं केलं. ही वाट योग्य आहे आणि पुढची बाळं कदाचित तारांशिवाय घरी जातील, अशी मलाही मनापासून आशा आहे. तुमच्या बाळाला मात्र त्यासाठी थांबवायचं नाही.

घरी सोडताना डिस्चार्ज कार्ड तिथेच उभं राहून वाचा. तारा पूर्ण निघाल्या की एखादी त्वचेलगत कापून आत ठेवली, हे त्यावर लिहिलेलं हवं. नसेल तर लिहून घ्या. आत राहिलेल्या तुकड्याने सहसा त्रास होत नाही, पण पुढे कधी एमआरआय करायची वेळ आली तर तिथल्या डॉक्टरांना ते कळायलाच हवं. फॉलोअपला प्रत्येक वेळी ईसीजी करून घ्या, कारण ठोक्याची वाट क्वचित उशिराही अडते. आणि बाळ घरी कधी अचानक निळसर पडलं किंवा शुद्ध हरपल्यासारखं झालं, तर बार्शीतल्या जवळच्या दवाखान्यात आधी न्या, पुण्याला फोन वाटेत करा.